मिठीच्या काठाने : पवई ते माहीम



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "पार्ल्यात बोलायचे आणि बोलायचे मिठी नदीवर? पार्ल्याचा आणि मिठीचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. पार्ले पश्चिमेचे पाणी इर्ला नाल्याने जुहूच्या बाजूला समुद्राकडे जाते. मिठी आहे ती विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला. आपल्या डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जाते ते आपण ऐकतो. पण ज्या धावपट्टीवर ते उतरते तिच्याखालून एक नदी वाहते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले आहे. न पाहण्याचे कारण नदी दूर आहे हे नव्हे. तिच्याकडे आपली पाठ आहे, हे आहे.

आणि कारखान्यांविषयी म्हणाल, तर पार्लेकरांना ते मी सांगायला नको. १९२९ साली येथे गोळ्या-मिठायांचा एक कारखाना निघाला, पुढे त्यात बिस्किटे होऊ लागली, आणि आपल्या गावाचे नाव त्या पुड्यावर बसून देशाच्या खेड्यापाड्यांत गेले. स्टेशनवर उतरल्यावर जो खरपूस वास येई, तो २०१६ साली कारखाना बंद झाला तेव्हा थांबला. एस. व्ही. रोडवर पनामा सिगारेट करणारी गोल्डन टोबॅको होती. म्हणजे गिरणगाव म्हणजे परळ-लालबाग आणि पार्ले म्हणजे शाळा, सभा आणि नाटके, हा समज अर्धाच खरा आहे. पार्ल्यालाही भोंगा ऐकू येत असे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा नववीपर्यंत. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि औद्योगिक न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर झाले. दुसऱ्या ठिकाणी वेळ अधिक मिळे. गेली काही वर्षे उन्हाळ्यात मी पंचवीस-तीस मंडळींना घेऊन मिठीच्या काठाने चालत जातो. नदी पावणेअठरा किलोमीटरांहून थोडी अधिक लांब आहे, म्हणून दोन रविवार लागतात : पहिला पवई ते कुर्ला, दुसरा कुर्ला ते माहीम. आज तीच वाट तुम्हांला बसल्या जागी दाखवावी असा विचार आहे. वाटेत माझे सांगणे एकच राहील. नदी आणि कारखाना ही दोन निरनिराळी प्रकरणे नाहीत. दोघांचे नुकसान ज्या पद्धतीने झाले ती पद्धत एक आहे, आणि ते नुकसान शेवटी ज्या घरात शिरले ते घरही बहुधा एकच आहे.

नदी की नाला?

पहिल्या रविवारी आपण पवईच्या फिल्टरपाड्यापाशी जमतो. येथून वर विहार तलावापर्यंत जाता येत नाही. तो भाग संरक्षित आहे. पण नदीची कुळकथा तेथूनच सुरू होते, म्हणून चालण्यापूर्वी ती ऐकून घ्यावी.

मुंबई बेटाला पाण्याचा आधार म्हणजे विहिरी आणि तळी. १८५४ च्या उन्हाळ्यात टंचाई इतकी झाली की शहरातील गुरेढोरे माहीमकडे हलवावी लागली. त्यानंतर सरकार जागे झाले. हेन्री कोनीबेअर या इंजिनियरच्या आराखड्याप्रमाणे साष्टीच्या डोंगरात मिठीच्याच वरच्या खोऱ्यात बांध घालून विहार तलाव करण्यात आला. काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये लोखंडी नळाने पाणी शहरात पोहोचले. मुंबईचे पहिले नळाचे पाणी ते हेच. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९० च्या सुमारास पवई असे तलाव झाले. पवईचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून आज आपण जिला मिठी म्हणतो ती मुख्यतः विहार आणि पवई यांच्या सांडव्यांवरून उतरणारे पाणी होय. तलाव भरले म्हणजे नदी येते. पावसाळा सरला, सांडवा कोरडा पडला, की नदीचे स्वतःचे पाणी जवळजवळ संपते. मग मार्च-एप्रिलमध्ये पुलावरून जे काळे पाणी आपल्याला दिसते ते कसले? ते वस्त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे धुवण. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शहराने नदीचे गोडे पाणी वरच्या वर अडवून घेतले, खाली तिच्या पात्रात आपले घाण पाणी सोडले, आणि मग तिच्याकडे बोट दाखवून म्हटले, "ही कसली नदी, हा तर नाला!" कामगाराला आधी उपाशी ठेवायचे आणि मग तो अशक्त आहे म्हणून कामावरून काढायचे, असा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. हा त्याच जातीचा आहे.

नावाचा परिणाम कागदावरही होतो. नदीचा काठ म्हटला की तो मोकळा सोडावा लागतो. नाला म्हटला की त्यावर स्लॅब टाकता येतो, भराव घालता येतो, त्याला वळवता येते.

पवई ते साकीनाका

फिल्टरपाड्याहून निघाल्यावर एका अंगाला आरेची झाडी आणि दुसऱ्या अंगाला पवईचे कारखाने-वसाहती असा देखावा आहे. लार्सन अँड टुब्रोने १९४८ मध्ये पवईला जागा घेतली तेव्हा तेथे दलदल आणि जंगल होते. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, तंत्रशिक्षणाची मोठी संस्था, आय. आय. टी., तलावाच्या काठी आली. १९७३ मध्ये अंधेरीच्या अंगाला इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ निघाले. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत कापडगिरण्यांची मुंबई दक्षिणेला आणि यंत्रांची मुंबई या खोऱ्यात, अशी विभागणी झाली. यंत्रांना सपाट आणि स्वस्त जमीन लागते, पाणी लागते, आणि वापरलेले पाणी टाकायला जागा लागते. खोऱ्यात या तिन्ही गोष्टी होत्या.

पवईतून जाताना आम्ही मंडळी क्षणभर थांबतो. डॉ. दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी येथेच हत्या झाली. त्यांच्या पद्धतीविषयी मतभेद असतील, माझेही होते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार ज्याच्या शब्दावर बाहेर पडले, त्याच्या नावाची आठवण न ठेवता कामगारांच्या वाटेवरून पुढे जाणे मला जमत नाही.

पुढे मरोळ आणि साकीनाका. येथे मोठी फाटके संपतात आणि गाळे सुरू होतात. खैराणी रोडवरून चालत जा. एका गाळ्यात लेथ फिरते आहे, दुसऱ्यात पत्रा कापला जातो आहे, तिसऱ्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळत आहेत, चौथ्यात फरसाण तळले जात आहे. मोठ्या कारखान्यातले एक-एक खाते तोडून बाहेर काढले आणि गाळ्यात बसवले, असे हे दृश्य आहे. खाते बाहेर गेले, पण त्याबरोबर उपाहारगृह, दवाखाना, हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधी यांतले काहीच बाहेर गेले नाही. कामगार गाळ्यात काम करतो आणि तेथेच माळ्यावर झोपतो. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे याच रस्त्यावरच्या फरसाणच्या एका दुकानाला आग लागली आणि बारा कामगार आत गेले. ते तेथे पहाटे काय करीत होते, असा प्रश्न तुम्ही विचाराल. ते झोपलेले होते. त्यांना दुसरे घर नव्हते.

तीन टाक्यांची गोष्ट

साकीनाक्याच्या पुलावर मी मंडळींना एक गोष्ट सांगतो. ती माझ्या मोठेपणाची नाही, म्हणून सांगतो.

१९९० नंतरच्या काळात या भागातील एका प्लेटिंगच्या कारखान्यात आमची युनियन होती. चाळीसएक कामगार. लोखंडाच्या वस्तूंवर निकेल आणि क्रोम चढवण्याचे काम. यात वस्तू आधी तेजाबात बुडवून तिचा गंज काढतात, मग धातूच्या द्रावणात टांगून वीज सोडतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याने धुतात. खरा घात त्या धुवणाच्या पाण्यात असतो. त्यात तेजाब उतरते, निकेल उतरते, आणि क्रोमचा जो पिवळा प्रकार आहे तो तर फार विषारी. कामगारांच्या हातांना न भरणाऱ्या जखमा होत, नाकाचा आतला पडदा झिजून भोके पडत. हे पाणी मोरीतून सरळ नाल्यात आणि नाल्यातून मिठीत जाई.

एके दिवशी कारखान्यास नोटीस आली : सांडपाण्याची व्यवस्था करा, नाही तर काम बंद करा. मालकाने आम्हांला बोलावले आणि म्हटले, "पाहा, हे तुमच्या पोटावर येते आहे." आम्ही मोर्चा काढला. "आधी भाकरी, मग नदी" ही घोषणा मीच लिहिली होती. ती फलकावर शोभली, वर्तमानपत्रातही आली. नोटीस थंड झाली. कारखाना चालू राहिला आणि आम्ही पेढे वाटले.

त्या वेळी मला जे ठाऊक नव्हते आणि पुढे वाचनालयात बसून कळले, ते असे. त्या पाण्याचा उपाय काही गूढ नव्हता. तीन टाक्या पुरतात. पहिल्या टाकीत पाणी आंबट ठेवून त्यात हिराकस किंवा तत्सम रसायन घातले की पिवळा विषारी क्रोम हिरव्या, कमी घातक रूपात बदलतो. दुसऱ्या टाकीत चुन्याची निवळी घातली की क्रोम आणि निकेल गाळ होऊन फुटतात. तिसऱ्या टाकीत पाणी उभे राहिले की गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी बऱ्यापैकी निर्मळ निघते. गाळ वेगळा काढून बंदिस्त जागी पाठवायचा. खर्च होतो, परंतु कारखाना बुडेल असा नाही. म्हणजे निवड भाकरी आणि नदी यांत नव्हतीच. ती मालकाच्या नफ्यातला थोडा भाग आणि तीन टाक्या यांत होती. मालकाने ती आमच्यापुढे भाकरीचे रूप देऊन मांडली आणि मी ती तशीच उचलली. मागणीपत्रात बोनस होता, गणवेश होता, चहाची सुट्टी होती. तीन टाक्या नव्हत्या.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मालकाने कारखाना मुंबईबाहेर नेला. नदीसाठी नव्हे, जागेला भाव आला म्हणून. कामगारांना जे मिळाले ते फार नव्हते. त्यांच्यापैकी एक जण कुर्ल्याच्या बाजूला नदीच्या काठी राहत असे. त्याची हकीकत पुढे येते.

धावपट्टीखालची नदी

साकीनाक्याहून सफेद पूल आणि जरीमरी. येथे नदी विमानतळाच्या कुंपणाला भिडते आणि आपल्याला तिची साथ सोडून रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सांताक्रूझचा लष्करी तळ झाला. युद्धानंतर नागरी विमाने आली. पूर्वीचे जुहूचे मैदान लहान पडले आणि इकडची धावपट्टी लांब-लांब होत गेली. विमानाला काटकोनात वळता येत नाही, म्हणून नदीला वळवण्यात आले. तिला अवघड वळणे देण्यात आली आणि धावपट्टीखालच्या मोऱ्यांतून वाट देण्यात आली. कोरड्या दिवसांत हे खपून जाते. पाण्याचा स्वभाव मात्र असा, की वळणावर त्याचा वेग मोडतो, वेग मोडला की गाळ बसतो, गाळ बसला की पात्र उथळ होते, आणि उथळ पात्राला पूर आला की पाणी बाजूच्या घरात शिरते.

२६ जुलै २००५ रोजी तसे झाले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात कुलाब्याला तो ७५ मिलिमीटरांच्या आतच होता. दक्षिण मुंबईत कचेऱ्या चालू होत्या आणि उपनगरे बुडत होती. हिशेब करून पाहू. मिठीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७,२९५ हेक्टर आहे. त्यावर सर्वत्र सांताक्रूझइतकाच पाऊस पडला असे धरले, तर जवळजवळ सात कोटी घनमीटर पाणी होते. दहा हजार लिटरचा टँकर आपण रस्त्यावर पाहतो. तसे सुमारे ६९ लाख टँकर एका दिवसात एका नदीत. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटी असताना, अशा अंदाजाने केलेली. त्या दिवशी दुपारी ताशी १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळत होता आणि नेमकी त्याच वेळी समुद्राला साडेचार मीटरांच्या आसपास भरती होती. खालून समुद्राने दार लावून घेतले आणि वरून डोंगराने घागर ओतली.

मी त्या दुपारी साकीनाक्याला एका फाटकसभेसाठी गेलो होतो. पार्ल्याला घरी पोहोचलो तो दुसऱ्या दिवशी उजाडता. छातीभर पाण्यातून आम्ही अनोळखी माणसे एकमेकांच्या कमरेचे पट्टे धरून चाललो. मुंबईत त्या पुरात चारशेहून अधिक माणसे गेली. माझा तो प्लेटिंगवाला सहकारी वाचला; त्याचे घर गेले. आठ दिवसांनी भेटलो तेव्हा त्याने मला त्या फलकाची आठवण दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते. चाळीस जणांची नोकरी वाचवली म्हणून मी पेढे वाटले होते, त्यातला एक जण नदीच्या काठी राहत होता हे मला ठाऊक होते. पण सकाळचा कामगार आणि रात्रीचा रहिवासी हा एकच माणूस आहे, हे माझ्या डोक्यात तोवर शिरले नव्हते. कारखान्यातल्या सांडपाण्याने पूर येत नाही हे मला समजते. पण जी नदी आपण सर्वांनी मिळून नाला ठरवली, तिची वाट अडवायला मग कोणालाच संकोच उरला नाही. त्या ठरवण्यात माझाही एक फलक होता.

पुरानंतर राज्य सरकारने मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसवली. समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. पात्र रुंद आणि खोल करण्याचे बरेच काम त्यानंतर झाले, काठाला काँक्रीटच्या भिंती आल्या. त्या भिंतींमुळे नदी आता बहुतेक ठिकाणी फक्त पुलावरूनच दिसते. पूर अडला तर भिंत हवीच. पण जी गोष्ट दिसत नाही तिची काळजी कोणी घेत नाही, हाही अनुभव आहे.

कुर्ला : भोंगे आणि भंगार

दुसऱ्या रविवारी आपण कुर्ल्याहून निघतो. कुर्ला हे नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडले असे सांगतात. भरतीचे पाणी येथवर चढते, त्यामुळे ते अशक्य वाटत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास गेली ती येथल्याच दलदलीवर भराव घालून.

रेल्वेच्या पलीकडे चुनाभट्टीच्या अंगाला स्वदेशी मिल होती. धरमसी मिल या नावाने चालणारी ती गिरणी जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिले. बंगालच्या फाळणीनंतरची चळवळ त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आली. गिरणी २००० साली बंद पडली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. आपल्यापैकी ज्यांच्या लग्नाची वरात पद्मिनी गाडीतून निघाली असेल, त्यांनी ध्यानात घ्यावे की ती गाडी येथली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आणि कमानी. लालबहादूर शास्त्री मार्गावर बसचा वाहक आजही 'कमानी' असा पुकारा करतो. तांब्या-पितळेच्या नळ्या करणारा कमानी ट्यूब्जचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. कामगारांनी भीक मागितली नाही, मोडतोडही केली नाही. सहाशेच्या आसपास कामगारांनी सहकारी संस्था काढली, पदरचे पैसे घातले, कारखाना आपणच चालवू अशी योजना मांडली, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळवली. भट्टी पुन्हा पेटली. पुढे भांडवलाच्या आणि व्यवस्थेच्या अडचणींनी तो प्रयोग थकला हे खरे. पण कारखाना म्हणजे मालकाची जमीन नव्हे, ती एक चालती विद्या आहे, हे त्या काही वर्षांत कुर्ल्याने दाखवून दिले.

जमिनीवरून आठवले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे, अशी त्याची वाटणी. २००१ मध्ये नियम बदलला : ही वाटणी पूर्ण जमिनीची नव्हे, ज्या भागावर इमारत नाही तेवढ्याच भागाची. शब्द थोडे बदलले. शहराच्या वाट्याची मैदाने आणि घरे मात्र आक्रसली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. नदीचे जसे 'नाला' या शब्दाने झाले, तसे गिरणीचे 'मोकळी जमीन' या शब्दांनी झाले.

कुर्ल्याच्या काठावर आज भंगाराची मोठी बाजारपेठ आहे. तेलाचे, रसायनांचे रिकामे पिंप येथे धुऊन पुन्हा विक्रीस निघतात. पिंप धुतलेले पाणी कोठे जाते हे आता सांगायला नको. या धंद्याला नाके मुरडू नका. शहराने टाकलेले लोखंड, पत्रा, प्लॅस्टिक पुन्हा कामाला लावणारी ही माणसे आहेत. त्यांना हाकलले तर ती आणखी एका नाल्याच्या काठी जातील. त्यांना हव्या आहेत सामायिक टाक्या आणि हातमोजे.

खाडीचे तोंड

कुर्ल्यापुढे वाकोला नाला मिठीला मिळतो आणि नदी वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालते. सुमारे ३७० हेक्टरांचे हे संकुल ज्या भागात उभे आहे तो खाजणाचा आणि तिवरांचा होता. खाजण म्हणजे पडीक जागा असे आपण समजतो. वास्तविक ती नदीची ओसरी आहे. भरतीच्या वेळी पूर आला की पाणी ओसरीत पसरते, थांबते, आणि ओहोटी लागली की निघून जाते. ओसरीवर मजले चढवले म्हणजे पाहुणा माजघरात येणारच.

पलीकडे धारावी. तेथे १७३७ मध्ये गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या काळात बांधलेला काळा किल्ला घरांच्या गर्दीत अजून उभा आहे. त्या काळी ही नदी इंग्रजांच्या मुंबईची सरहद्द होती. जवळच माहीम निसर्ग उद्यान आहे. एके काळी तेथे शहराचा कचरा पडत असे. त्यावर माती टाकून, झाडे लावून १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडले. कचऱ्याच्या ढिगावर रान उभे राहू शकते, हे पाहण्यासाठी तरी तेथे जावे.

शेवटी माहीमचा पूल. पूर्वी येथे होडीने ये-जा चाले. सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४० च्या दशकात हा मार्ग झाला. सायनचा बांध त्याआधी, १८०५ चा. लोकांची सोय झाली, आणि खाडीचे तोंड थोडे-थोडे आवळत गेले. आता तर मेट्रो वांद्रे-कुर्ला संकुलाहून धारावीला नदीच्या तळाखालून जाते. डोक्यावर नदी आहे हे डब्यातल्या कोणालाही कळत नाही.

काय करता येईल?

जर्मनीत रूर नावाचा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख आहे. तेथल्या एम्शर नदीला शंभर वर्षे उघडे गटार म्हणून वापरले. खाणी आणि भट्ट्या बंद पडू लागल्यावर, १९९२ पासून, त्यांनी सांडपाण्यासाठी जमिनीखाली स्वतंत्र मोठी वाहिनी घालायला घेतली. तीस वर्षांनी, २०२१ च्या अखेरीस, नदीत सांडपाणी जाणे थांबले. जुन्या भट्ट्या पाडल्या नाहीत. त्या लोकांना पाहायला खुल्या केल्या. कामाला तीस वर्षे आणि अब्जावधी युरो लागले, म्हणून आपल्याला ते जमणार नाही असे मी म्हणत नाही. आपल्याला चार उन्हाळ्यांत गाळ काढून नदी मिळणार नाही, एवढेच म्हणतो.

मी ज्या वर्तुळात वावरतो तेथे एक बदल आम्ही केला आहे. आता कोणत्याही रासायनिक किंवा प्लेटिंगच्या गाळ्याचे मागणीपत्र लिहिताना पगारवाढीच्या खाली, बोनसच्या वर, सांडपाण्याच्या टाक्यांचे कलम घालतो. पहिल्या वेळी कामगारच हसले. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या प्लेटरने आपले हात पुढे केले, तेव्हा कोणी हसले नाही. जे विष नदीत जाते ते आधी कामगाराच्या हातावरून जाते. म्हणून नदीचा पहारा करायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नाही, फक्त नोकरी जाण्याची भीती त्याच्या मानेवर नसावी.

आणि आपण पार्लेकरांनी काय करावे? एकदा चालत यावे. उन्हाळ्यात सकाळी सहाला निघावे, पायांत जुने बंद बूट असावेत, पाण्याची बाटली आणि नाकाला रुमाल असावा. छायाचित्रे काढताना गाळ्यातल्या माणसाला आधी विचारावे. तो प्रदर्शनातली वस्तू नव्हे. निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातली भरतीची वेळ पाहावी, आणि कुर्ल्याच्या पुलावर भरतीला एकदा व ओहोटीला एकदा उभे राहावे. मग जुलैमध्ये, विहार भरून वाहू लागल्याची बातमी आली की छत्री घेऊन पुन्हा फिल्टरपाड्याला यावे. त्या दिवशी पाणी स्वच्छ असते. मिठी हे नाव कोणी आणि का ठेवले असेल, ते तेव्हा सांगावे लागत नाही.